हाडाची साक्ष

आपल्या मराठी भाषेचा हाडांवर मोठा विश्वास आहे. जो मनापासून शेती करतो तो हाडाचा शेतकरी, आणि जो शाळेच्या घंटेबाहेरही शिकवीत राहतो तो हाडाचा शिक्षक. एखादी सवय मुरली की ती हाडीमांसी खिळली म्हणायचे. मुलांसाठी आईबापांनी कष्ट उपसले की त्यांनी हाडांची काडे केली. बाकीचे शरीर वाढते, झडते, सुकते. हाड मात्र अढळ, अशी आपली समजूत आहे. मेलेल्या माणसाच्या बाबतीत ती खरीही आहे. इनामगावच्या उत्खननात सापडलेल्या सांगाड्यांवरून सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी भीमेच्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसांची हकीकत संशोधकांनी जुळवली. माणूस जातो आणि त्याची हाडे साक्षीला राहतात.

जिवंत माणसाच्या हाडाची गोष्ट मात्र निराळी. ते रोज थोडे मोडले जाते आणि रोज थोडे बांधले जाते. जुन्या वाड्याची एक भिंत उतरवावी, तिथे नवी चढवावी आणि घरातल्या माणसांना त्याचा पत्ताही लागू नये, तसे हे काम जन्मभर चाललेले असते. हे काम बिघडले की वाडा बाहेरून उभा दिसतो. पण तो किती दिवस उभा राहील हे सांगता येत नाही. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात नेमके हे होते.

दिवाळी अंकात हा विषय कुठून आला, असे वाचक विचारतील. फराळाचे ताट पुढे असताना मूत्रपिंड आणि हाडे यांची कथा कोणाला गोड लागणार? परंतु दिवाळीचा आरंभच आपण धन्वंतरीच्या पूजनाने करतो, आणि ज्या घरात आठवड्यातून तीनदा डायलिसिसची फेरी होते अशी घरे आता प्रत्येक गावात आहेत. आमच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक त्यांपैकीच एक. गेल्या वर्षी बसच्या पायरीवरून उतरताना ते घसरले आणि त्यांचे मनगट मोडले. त्याआधी थोडेच दिवस त्यांच्या कमरेच्या मणक्यांची तपासणी झाली होती आणि तिचा आकडा चांगला आला होता. हात गळ्यात बांधलेला, अशा स्थितीत ते मला म्हणाले, “सर, फोटोत माणूस हसतोय म्हणून तो सुखी असेलच असं नाही, हे मला कळतं. पण हाडालाही खोटं हसता येतं का हो?”

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वैद्यकाची पदवी माझ्याजवळ नाही. पण इतिहास शिकवता शिकवता एक सवय जडली आहे. कोणताही कागद पुढे आला की तो काय सांगतो याबरोबरच तो काय सांगू शकत नाही, हेही पाहायचे. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड काढला, तो याच ध्यासाने. एकट्या बखरीवर विसंबू नका, अस्सल पत्रे पाहा, एक साधन दुसऱ्याशी ताडून पाहा, हा त्यांचा आग्रह. मित्राच्या त्या प्रश्नानंतर मी हाडांच्या छायाचित्रांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा डॉक्टरांनाही हाच धडा शंभराहून अधिक वर्षे गिरवावा लागल्याचे दिसले. तीच हकीकत येथे सांगतो.

ती सुरू होते लंडनच्या गाय्ज रुग्णालयात. तेथील डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली आपल्या रुग्णांचे टिपण प्रसिद्ध केले. अंगावर सूज असलेल्या काही रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली की ती अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्या भागासारखी गोठते, आणि अशा रुग्णांची मूत्रपिंडे मृत्यूनंतर रोगट निघतात, हे त्यांनी दाखवून दिले. एक चमचा आणि एक मेणबत्ती, एवढीच सामग्री! पुढे कित्येक वर्षे या विकाराला ब्राइट यांचेच नाव होते. त्याच रुग्णालयातील शल्यवैद्य क्लेमेंट लूकस यांना काही वयात येणारी मुले अशी आढळली की त्यांचे पाय वाकू लागले होते आणि लघवीत तोच गोठणारा पदार्थ जात होता. मुडदूस हा लहानग्यांचा रोग, तो या वयात कसा? लूकस यांनी १८८३ साली या दोन गोष्टी एकत्र नोंदवल्या. मूत्रपिंड आणि हाड यांचे काही नाते आहे, याची ही आरंभीची नोंद. पण ते नाते कोणते, हे कळायला हाड आतून दिसायला हवे होते.

ते दिसले बारा वर्षांनी, जर्मनीतील वुर्झबुर्ग गावी. ८ नोव्हेंबर १८९५ च्या संध्याकाळी प्राध्यापक व्हिल्हेल्म राँटगेन आपल्या अंधाऱ्या प्रयोगशाळेत विजेच्या नळीशी खटपट करीत होते. नळी काळ्या कागदाने झाकलेली असूनही जवळचा एक पडदा चमकू लागला. हे कसले किरण, ते त्यांनाही कळेना. गणितात अज्ञात राशीला जे अक्षर लावतात तेच त्यांनी या किरणांना लावले. आपण त्यांना क्ष-किरण म्हणतो ते यामुळेच. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नी आना बेर्था यांचा हात काचेच्या तबकडीवर ठेवून किरण सोडले. बोटांची हाडे उमटली आणि एका बोटात अंगठीचे काळे कडेही उमटले. राँटगेन यांना १९०१ सालचे, म्हणजे भौतिकशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधाचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही.

जगातील या प्रसिद्ध छायाचित्रात हाताचीच हाडे असावीत, हा एक योग म्हणावा. कारण पुढे मूत्रपिंडाच्या रुग्णांची हाडे जिथे आधी कुरतडलेली दिसू लागली, ती जागा म्हणजे हाताची बोटेच. ती कोण कुरतडते, हे समजण्यासाठी वाचकांना क्षणभर एका गेंड्याकडे न्यावे लागेल.

हा आपल्याकडचा एकशिंगी भारतीय गेंडा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात होता. तो १८४९ साली मेला, तेव्हा रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाने त्याचे विच्छेदन केले. एवढ्या प्रचंड देहात गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला चिकटलेला एक लहानसा पिवळसर गोळा त्यांच्या नजरेतून सुटला नाही. माणसाच्या गळ्यातही अशा ग्रंथी असतात हे स्वीडनमधील उप्साला येथील तरुण विद्यार्थी ईव्हार सांडस्ट्रॉम यांनी १८८० साली दाखवले. त्या सामान्यतः चार असतात, प्रत्येक मसुरीच्या दाण्याएवढी. यांनाच परावटु किंवा पॅराथायरॉइड ग्रंथी म्हणतात. त्यांचे काम काय, हे त्या वेळी कोणालाही ठाऊक नव्हते. १९२५ साली व्हिएन्नामध्ये फेलिक्स मांडल या शल्यवैद्याने हाडे ठिसूळ होऊन खिळलेल्या एका ट्राम कर्मचाऱ्याच्या गळ्यातून अशी एक सुजलेली ग्रंथी काढली, आणि त्याच्या हाडांचे दुखणे ओसरले. तेव्हा या दाण्याएवढ्या ग्रंथींचा हाडांवर किती ताबा आहे, हे जगाला पटले.

आता हा कारभार घरगुती भाषेत सांगतो. शरीरातल्या चुन्यापैकी, म्हणजे कॅल्शियमपैकी, शेकडा ९९ भाग हाडांत साठवलेला असतो. हाड ही जणू घरातली कणगी. उरलेला एक भाग रक्तात आणि पेशींत खेळतो. पण हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल त्याच्यावर चालते, म्हणून रक्तातले माप कमी पडून चालत नाही. त्या मापावर परावटु ग्रंथींची नजर असते. माप घटले की त्या कणगीतून धान्य काढायचा हुकूम सोडतात. मूत्रपिंडाकडे या घरातली दोन कामे आहेत. एक, नको असलेला फॉस्फरस बाहेर टाकणे. आणि दुसरे, उन्हातून व अन्नातून मिळणाऱ्या ड जीवनसत्त्वाला कामाचे रूप देणे, म्हणजे आतडे अन्नातला चुना शोषून घेऊ शकते. हे दुसरे काम मूत्रपिंडात होते, ही गोष्ट केंब्रिजमधील फ्रेझर आणि कोडिचेक यांनी १९७० साली सिद्ध केली. मूत्रपिंड थकले की दोन्ही कामे थांबतात. फॉस्फरस साचतो, चुना आत येत नाही, रक्तातले माप घसरते. ग्रंथी हुकमावर हुकूम सोडतात आणि कणगी रिती होऊ लागते. याहून नवलाची गोष्ट २००० सालानंतर कळली. फॉस्फरस बाहेर टाक, असा निरोप मूत्रपिंडाला धाडणारा एक रस खुद्द हाडातच तयार होतो. म्हणजे हाड नुसती कणगी नव्हे. तेही घरातले बोलते माणूस आहे.

मूत्रपिंडाच्या विकारातून होणाऱ्या या अस्थिदोषाला इंग्रजीतले रूढ नाव मिळाले ते चीनमध्ये. पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयातील लिउ आणि चू या दोन डॉक्टरांनी १९४२ साली ते वापरले. १९५१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डेव्हिड प्यू यांनी क्ष-किरण चित्रातील त्याची खूण नीट मांडली. बोटाच्या मधल्या हाडाची अंगठ्याकडची कड वाळवी लागलेल्या फळीसारखी खडबडीत दिसते, ती ही खूण. याखेरीज इतरही खुणा सापडत गेल्या. कवटीच्या चित्रात मीठमिरी भुरभुरल्यासारखे ठिपके दिसत. मणक्यांच्या चित्रात प्रत्येक मणक्याच्या वरखाली पांढरा पट्टा आणि मध्ये फिकी जागा असे. इंग्रज डॉक्टरांना त्यात रग्बी खेळाडूंच्या पट्टेदार बनियनचा भास झाला आणि तेच नाव रूढ झाले.

वाचकांनी या पट्ट्यांकडे जरा थांबून पाहावे. क्ष-किरण चित्रात पांढरे म्हणजे दाट. मग कणगी रिती होत असताना हाड दाट कसे दिसते? उत्तर असे की घाईघाईने मोडणे आणि घाईघाईने बांधणे चालू असले की बांधलेला माल हलका निघतो. तो जागा अडवतो, पांढरा दिसतो, पण भार पेलत नाही. शिवाय साध्या क्ष-किरण चित्राची दृष्टीही मंदच. हाडातला शेकडा ३० ते ४० भाग चुना निघून जाईपर्यंत त्याला फरक जाणवत नाही. हाडाचे छायाचित्र उशिरा बोलते, आणि बोलले तरी कधी कधी उलटे बोलते, हे इथे दिसून आले.

तोवर हा प्रश्न थोड्यांचा होता, कारण मूत्रपिंडे बंद पडलेला माणूस हाडे दुखण्याइतका जगतच नसे. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली, हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असताना, कांपेन गावी सॉसेजच्या आवरणाचे सेलोफेन गुंडाळून रक्त गाळण्याचे यंत्र उभे केले. पण ते काही दिवसांपुरतेच उपयोगी पडे. १९६० साली अमेरिकेतील सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिबनर यांनी रुग्णाच्या हातात कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी बसवली. त्यांचा पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर अकरा वर्षे जगला. आयुष्य लांबले, आणि लांबलेल्या आयुष्यात हाडे मोडू लागली.

इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १९७० च्या दशकात हा प्रकार फार झाला. डायलिसिसवरील रुग्णांच्या बरगड्या मोडत, हाडे असह्य दुखत. क्ष-किरण चित्रात मोडलेले हाड स्पष्ट दिसे. पण बोटांच्या कडा कुरतडल्याची ती ओळखीची खूण पुरेशी दिसेना. ड जीवनसत्त्व देऊनही उपयोग होईना. अखेर गुन्हेगार सापडला तो नळाच्या पाण्यात. पाणी निवळण्यासाठी त्यात ॲल्युमिनियमचा क्षार टाकला जात असे; आपण घरात तुरटी फिरवतो त्याच जातीचा. निरोगी माणसाच्या आतड्यातून तो फारसा आत शिरत नाही, आणि जो शिरतो तो मूत्रपिंडे बाहेर टाकतात. पण डायलिसिसच्या एका बैठकीत रुग्णाच्या रक्ताशेजारून शंभरावर लिटर पाणी वाहते आणि मध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. त्या पाण्यातला ॲल्युमिनियम थेंबाथेंबाने हाडात जाऊन बसला आणि त्याने हाड बांधणाऱ्या गवंड्यांचे हात बांधून टाकले. न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी पाण्यावरचा हा संशय १९७८ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर डायलिसिसचे पाणी शुद्ध करून वापरणे हा नियमच झाला. छायाचित्राने मोडलेले हाड दाखवले, पण मोडण्याचे कारण दाखवले नाही.

मग ते कोठे दिसते? कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेतून पेन्सिलीएवढी एक कांडी काढतात, तिच्यात. ही तपासणी होण्याआधी रुग्णाला टेट्रासायक्लिन हे औषध दोनदा, मध्ये काही दिवसांचे अंतर ठेवून देतात. हे औषध नव्याने बांधल्या जाणाऱ्या हाडात उतरते आणि विशिष्ट प्रकाशात चमकते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन उजळ रेघा दिसतात. त्यांच्यातले अंतर म्हणजे तेवढ्या दिवसांत बांधलेले हाड. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातील हॅरल्ड फ्रॉस्ट यांनी या मोजमापाचे शास्त्र उभे करण्यात मोठा वाटा उचलला. इतिहासाच्या शिक्षकाला याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. भिंतीवर दोन तारखा कोरलेल्या असाव्यात आणि मधल्या काळात किती विटा चढल्या ते मोजता यावे, तसे हे आहे. कोणाचे हाड वेड्यासारखे घडते आणि मोडते, तर कोणाचे काम बंद पडल्यासारखे थंड पडलेले असते, हे येथे कळते. अडचण एवढीच की ही तपासणी दुखरी, खर्चाची आणि थोड्याच ठिकाणी होणारी.

म्हणून शोध सुरू राहिला तो अधिक चांगल्या चित्राचा. १९६३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे कॅमेरन आणि सोरेनसन यांनी किरणांच्या साहाय्याने मनगटाच्या हाडातील खनिज मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दोन शक्तींचे क्ष-किरण वापरणारे यंत्र आले. आज शहरांतून डेक्सा नावाने होणारी तपासणी ती हीच. रुग्णाने पलंगावर निजायचे, वरून यंत्राचा हात फिरतो आणि काही मिनिटांत आकडा हाती येतो. तरुण निरोगी माणसाच्या सरासरीशी तो ताडून पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली उणे अडीचची रेघ ठरवली. त्या रेघेवर किंवा त्याखाली आकडा गेला की हाड विरळ झाले असे समजतात. ही रेघ मुळात पाळी थांबलेल्या स्त्रियांच्या हाडांसाठी आखलेली होती.

आता आमच्या चित्रकलेच्या सरांच्या प्रश्नाकडे वळता येईल. डेक्साचा आकडा म्हणजे वाटेत आलेल्या सगळ्या चुन्याची बेरीज. मूत्रपिंडाच्या जुन्या रुग्णात हाडातला चुना सुटतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर जाऊन बसतो. कमरेच्या मणक्यांसमोरूनच शरीराची थोरली धमनी जाते. तिच्या भिंतीतला चुना मणक्याच्या खात्यावर जमा होतो आणि आकडा फुगतो. मणक्यांवरचे ते पांढरे पट्टेही त्यात भर घालतात. उलट हाताच्या हाडाची बाहेरची टणक साल परावटुच्या हुकमाने आतून पोखरत जाते. म्हणून अशा रुग्णात एकट्या मणक्यावर न थांबता मांडीच्या सांध्याजवळचे हाड, आणि गरज पडल्यास मनगटाच्या वरचे हाडही मोजणे शहाणपणाचे ठरते. मणक्याचा आकडा हसत असताना मनगट मोडू शकते, ते असे.

या आकड्यावर किती विश्वास ठेवावा, याचा वाद जगभरच्या मूत्रपिंडतज्ज्ञांतही झाला. केडिगो नावाच्या त्यांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २००६ साली या विकाराची व्याख्या विस्तारून हाड, रक्तातील क्षार आणि रक्तवाहिन्यांतील चुना या तिन्ही गोष्टी एकाच विकाराखाली आणल्या. २००९ साली याच मंडळाने सांगितले की आजार बळावलेल्या रुग्णांत ही तपासणी सरसकट करू नये, कारण त्यावरून हाड मोडण्याचे भाकीत करता येते असा पुरावा नाही. पुढे रुग्णांना वर्षानुवर्षे पाहून केलेले नवे अभ्यास आले; आकडा खाली असेल तर धोका वाढतो, हे या रुग्णांतही दिसले. २०१७ साली मंडळाने आपले मत बदलले: उपचार ठरवण्यास उपयोग होणार असेल तर तपासणी करावी. पुरावा बदलला म्हणून निवाडा बदलला, आणि तसे उघड लिहिले. इतिहासकारांच्या मंडळींतही इतका मोकळेपणा नेहमी दिसत नाही.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. अमेरिकेतील डायलिसिसच्या रुग्णांवर २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडीच्या सांध्याजवळचे हाड मोडण्याचे प्रमाण सर्वसामान्यांच्या चौपटीहून अधिक निघाले. आणि एकच आकडा असलेल्या दोन रुग्णांचे औषध परस्परविरुद्ध असू शकते. हाडाची झीज थांबवणारी नेहमीची औषधे मोडतोड मंदावतात. ज्याचे हाड आधीच थंड पडले आहे, त्याला तीच औषधे दिली तर उरलेसुरले बांधकामही थांबण्याची भीती. आकडा हे सांगत नाही. त्यासाठी रक्तातील परावटुच्या रसाचे माप, चुना व फॉस्फरस यांचे माप, आणि क्वचित ती कमरेच्या हाडाची कांडी, हे सगळे साक्षीदार एकत्र बसवावे लागतात. हाडाची जाळी सूक्ष्म तपशिलासह दाखवणारी हातापायाची सीटी यंत्रे आली आहेत, आणि हाड कुठे बांधले जात आहे ते किरणोत्सर्गी फ्लोराइडच्या मागाने पाहण्याचे प्रयोगही झाले आहेत. पण ही साधने मुख्यतः संशोधकांच्या हातात आहेत.

आपल्याकडे २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांतूनही डायलिसिसची सोय पोचू लागली. म्हणजे न्यूकॅसल आणि सिॲटलच्या रुग्णांचे प्रश्न आता आपल्या घरातले प्रश्न झाले आहेत. वाचकांच्या घरी असा कोणी असेल तर एवढेच लक्षात ठेवावे: शेजारणीला मानवलेली चुन्याची गोळी आपल्या माणसाला परस्पर देऊ नये, आणि एक आकडा पाहून हायही खाऊ नये व निर्धास्तही होऊ नये. डॉक्टरांना विचारावे की हाडाचे चित्र रक्ताच्या तपासणीशी जुळते का.

ब्राइट यांच्या चमच्यापासून केडिगोच्या निवाड्यापर्यंत जवळजवळ दोनशे वर्षे होत आली. या काळात हाड अधिकाधिक स्पष्ट दिसत गेले, आणि दिसते तेवढ्यावर थांबता येत नाही हेही तितकेच स्पष्ट होत गेले. राँटगेन यांनी आपल्या किरणांना अज्ञाताचे अक्षर दिले ते किरणांचे स्वरूप कळेना म्हणून. किरणांचे स्वरूप पुढे कळले. ते अक्षर आता चित्राच्या दुसऱ्या बाजूला, हाडाच्या आत चाललेल्या त्या अखंड बांधकामाला लावावे असे वाटते. त्याची उकल करणाऱ्यांच्या दिव्यात यंदाही तेल पडो.